ताजा कलमातली मैत्रीण

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्यांच्या ऐक्य मेळाव्यात तीन दिवस बसून आलीस आणि आता म्हणतेस, सगळं खोटं वाटतं. व्यासपीठावर हातात हात, ‘ते सर्व एक व्हावेत’ या येशूच्या प्रार्थनेवर, योहानाच्या सतराव्या अध्यायावर संदेश, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि जेवायच्या वेळी ज्याचा त्याचा पंथ ज्याच्या त्याच्या टेबलाशी. शेवटच्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, का नाही असं तू विचारलंस, तर ‘त्यावर एकमत होत नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

हे तुला लागलं, बरंच झालं. पण पुढचं वाचून मला राग आला. कुठल्याच पंथाची नसलेली, फक्त ख्रिस्ताची अशी तरुणांची नवी सहभागिता सुरू करायची म्हणतेस. करिंथकरांस पहिलं पत्र उघड, पहिला अध्याय, बारावं वचन. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा, म्हणजे पेत्राचा. आणि चौथा? मी ख्रिस्ताचा. पौलाने त्यालाही त्याच भांडणात धरलंय. तू वेगळी चूल मांडलीस तर जगातल्या मंडळ्यांत आणखी एका मंडळीची भर पडेल, एवढंच.

तुझ्या पत्रातली खरी गोष्ट ताजा कलमात होती. जिच्याबरोबर चार वर्षं तरुण संघ चालवलास, ती बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून दुसऱ्या मंडळीत गेली. सहा मुलं तिच्यामागे गेली. तू तिला ‘मेंढरं चोरलीस’ म्हणालीस आणि तेव्हापासून बोलणं बंद. मेळाव्यात ती तुझ्यापुढे तीन रांगांवर बसली होती. हे सगळं तू दोन ओळींत उरकलंस! अगं, पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

तिच्याकडे जा.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हे दोनदा आलंय. पाचव्या अध्यायात भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. दान वेदीपुढे तसंच ठेव आणि जा. अठराव्यात अपराध भावाचा आहे. तरीही जायचं तूच. चूक इकडची असो की तिकडची, उठायचं कोणी हे दोन्ही ठिकाणी ठरलेलं आहे. मी संदेशांत हे किती वेळा सांगितलं असेल. गेलो मात्र नाही.

माझा एक सहसेवक होता. दर शनिवारी पहाटे आम्ही दोघं प्रार्थनेला बसायचो. एका सभेत त्याने माझ्याविरुद्ध मत दिलं, मी त्याला सगळ्यांसमोर टाकून बोललो, आणि तो वेगळ्या मंडळीत गेला. नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत मी ऐक्याच्या तीन समित्यांवर होतो, संयुक्त प्रार्थना सप्ताहाची पत्रकं माझ्या हातची असत. एका मेळाव्यात सांगितलं गेलं, शेजारच्याचा हात हातात घ्या. तो शेजारी येऊन बसेल हे दिसल्यावर मी आधीच खुर्ची बदलली होती.

शेवटी तोच आला. दारात उभा राहून म्हणाला, ‘मला वाटलं होतं तू येशील.’ आम्ही दोघांनी गुडघे टेकले, रडलो, सगळं झालं. पण तोवर दोन्हीकडची लहान मुलं मोठी झाली होती, आणि पलीकडच्या मंडळीत आपण जायचं नसतं हे ती आमच्याकडे बघून शिकली होती. ते मला पुसता आलं नाही.

त्यानंतर मी समित्या सोडल्या. म्हातारा हटवादी झाला, ऐक्याच्या कामातून अंग काढलं, असं तुझ्याही कानावर आलं असेल. मी प्रत्येक बैठकीत एवढंच विचारत होतो: इथे कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, आणि त्याच्याकडे कधी जाणार? हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही असं मला सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी उठलो. आजही उठेन.

मतभेद किरकोळ असतात असं मात्र समजू नकोस. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर जुळलं; पंधराव्यात, प्रभुभोजनावर अडलं. तुझा मेळावा जिथे अडला, तिथेच. त्यांचा प्रश्न खरा होता. मला खुपतं ते हे की ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणायचंही नाकारलं.

आणि मेळाव्यांतून काहीच निघत नाही, हेही खोटं. 1910 साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातले पाळक व्ही. एस. अझरया उभे राहिले आणि परदेशी मिशनऱ्यांना म्हणाले, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. 1919 मध्ये तमिळनाडूतल्या ट्रँक्वेबारला त्यांनी आणि इतरांनी मंडळ्या एक करण्याची बोलणी सुरू केली. वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं 27 सप्टेंबर 1947 ला. अझरया जानेवारी 1945 मध्येच वारले होते. अठ्ठावीस वर्षं बैठका, मसुदे, वाद. पण त्यांनी पहिल्यांदा मागितली होती ती मैत्री.

तेव्हा तिच्याकडे जा. पाळकांना बरोबर नेऊ नकोस. बाप्तिस्म्याचा विषय काढू नकोस. त्यावर तुमचं कदाचित कधीच जुळणार नाही. ती परत येईल ही आशाही घरी ठेव. ‘मेंढरं चोरलीस म्हणाले, ते चुकलं,’ एवढं म्हण आणि थांब. ती काही तोडून बोलली तर ऐकून घे. त्या सहा मुलांची नावं घेऊन विचार, कशी आहेत. तू त्यांच्यासाठी अजून प्रार्थना करतेस हे मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या मंडळीत गायनाचा सराव असतो आणि ती सगळ्यांत शेवटी निघते, हे तूच लिहिलंयस. बुधवारी जा. नव्या सहभागितेबद्दल मला त्यानंतर लिही.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला एक वडीलधारा