'जावास्क्रिप्ट चालू करा' असं पान म्हणतंय, पण ती बंद आहे कुठे?

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: अर्जाचं पान उघडलं की वर 'कृपया जावास्क्रिप्ट सक्षम करा' असा संदेश येतो, 'पुढे' हे बटण दाबून काही होत नाही, आणि शोधाशोध करताना एका साइटने 'जावास्क्रिप्ट डाउनलोड करा' म्हणून एक फाइल दिली.

आधी त्या फाइलचं बोलतो, कारण मला तिचीच काळजी वाटते. ती उतरवली असेल तर उघडू नका, डिलीट करा. उघडून झाली असेल तर आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा, बाकीचं नंतर. जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपानावरची बटणं वगैरे चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा, ती डाउनलोड करायची वस्तूच नाही. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा तयार केली ती ब्राउझरच्या आत चालावी म्हणूनच, आणि आजही ती ब्राउझरबरोबरच येते. काही जण अशा वेळी 'जावा' ही दुसरीच भाषा इन्स्टॉल करून बसतात. त्याचाही उपयोग नाही. सुरुवातीला जावास्क्रिप्टचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं, आणि त्या काळी जावाचा बोलबाला असल्यामुळे जावास्क्रिप्ट हे नाव पडलं. नावापलीकडे दोघींचं नातं नाही.

आता सेटिंग. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, आणि त्यात जावास्क्रिप्ट. तिथे 'साइट्स जावास्क्रिप्ट वापरू शकतात' हा पर्याय निवडलेला हवा. पण तेवढं बघून पान बंद करू नका, खाली सरका. तिथे ज्या साइट्सना परवानगी नाही त्यांची वेगळी यादी असते. मुख्य पर्याय चालू असला, तरी तुमची साइट त्या यादीत असेल तर तिच्यापुरती जावास्क्रिप्ट बंदच राहते. लोक नेमके इथेच फसतात. यादीत नाव दिसलं तर काढून टाका. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, जावास्क्रिप्ट असा रस्ता आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही साइटच्या परवानग्यांखाली हेच सापडतं.

फायरफॉक्समध्ये हे सेटिंग नेहमीच्या पानावर शोधून सापडणार नाही. २०१३ मध्ये २३व्या आवृत्तीपासून ती चालू-बंद करायचा चौकोन काढून टाकला, कारण चुकून बंद झाला की लोकांना वेब मोडल्यासारखं वाटायचं. निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. संगणकावर पत्त्याच्या जागी इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग असं सलग लिहून एंटर दाबा, इशारा येईल तो मान्य करा, आणि शोधचौकटीत जावास्क्रिप्ट, टिंब, एनेबल्ड असं सलग लिहा. समोर 'ट्रू' हवं. 'फॉल्स' असेल तर त्या ओळीच्या शेवटच्या बटणाने बदला. त्या पानावर दुसऱ्या कशालाही हात लावू नका. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' आहे, त्यात जावास्क्रिप्टचं बटण मिळेल.

सेटिंग बदललं की पान रिलोड करावं लागतं. रिलोडमध्ये अर्जात भरलेला मजकूर जाऊ शकतो, म्हणून लांब उत्तरं आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

माझा अनुभव मात्र असा की अशा दहापैकी बहुतेक तक्रारींत सेटिंग चालूच असतं, आणि अडवणारं दुसरंच कोणीतरी असतं. मावशींच्या लॅपटॉपवर मी एकदा तासभर सगळी सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिली. शेवटी लक्षात आलं की स्क्रिप्ट (पानातला जावास्क्रिप्टचा कोड) अडवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मीच कधीतरी त्यांच्या सुरक्षिततेसाठी बसवलं होतं. त्यांना ते काय आहे हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी पहिली चाचणी हीच करतो: तेच पान ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडायचं. तिथे एक्स्टेंशन्स मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे पान नीट उघडलं, तर संशय आधी एक्स्टेंशनवर घ्या. जाहिराती अडवणारी, स्क्रिप्ट अडवणारी, 'प्रायव्हसी' नावाची, सगळी एकेक बंद करून बघा. ब्रेव्ह ब्राउझर वापरत असाल तर त्याचं शील्ड, म्हणजे जाहिराती आणि स्क्रिप्ट अडवणारी त्याची सोय, त्या साइटपुरतं उतरवा. टॉर ब्राउझरमध्ये सुरक्षिततेची 'सेफेस्ट' पातळी निवडली की जावास्क्रिप्ट सगळीकडे बंद होते, तो दोष नव्हे.

अर्जाची लिंक तुम्ही एखाद्या चॅटच्या अ‍ॅपमधून दाबून उघडली का? हे विचारतो कारण अ‍ॅपच्या आतच पान उघडलं तर ते बऱ्याचदा पूर्ण ब्राउझर नसतं. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आत पान दाखवणाऱ्या भागात, जावास्क्रिप्ट मुळात बंद असते, अ‍ॅप बनवणाऱ्याने ती चालू करावी लागते. लिंक कॉपी करून खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा.

ब्राउझर जुना असेल तर आणखी एक गंमतशीर वाटणारा पण खरा प्रकार घडतो. स्क्रिप्टमध्ये नव्या पद्धतीचं एखादं वाक्य असलं आणि ब्राउझरला ते कळलं नाही, तर तो ती अख्खी फाइल सोडून देतो. काही पानांवर 'जावास्क्रिप्ट सक्षम करा' हा संदेश सुरुवातीपासूनच लिहिलेला असतो आणि स्क्रिप्ट चालली की तीच तो पुसते. स्क्रिप्ट चाललीच नाही, तर संदेश तसाच राहतो. म्हणजे जावास्क्रिप्ट चालू असूनही पान 'चालू करा' म्हणत राहतं. विंडोज ७ वर क्रोम १०९व्या आवृत्तीवरच थांबलेलं आहे, तिथे हे घडू शकतं. अशा वेळी सेटिंगशी झटापट करू नका, दुसऱ्या नव्या उपकरणावर अर्ज भरा.

ऑफिसचा संगणक असेल आणि पर्याय करडा दिसत असेल, तर तो तिथल्या आयटी विभागाने कुलूपबंद केलेला आहे. त्यांच्याकडूनच उघडून घ्यावा लागेल.

इतकं करूनही बटण चाललं नाही तर संगणकावर ते पान उघडून एफ१२ दाबा, 'कन्सोल' निवडा आणि तिथल्या लाल ओळी इथे चिकटवा. त्यात तुमचं नाव, अर्जक्रमांक किंवा फोन नंबर दिसत असेल तर तो आधी खोडा. ब्राउझरची आवृत्तीही कळवा, मी आज रात्री पुन्हा बघतो.