थायरॉइडचा कॅन्सर आणि थेट चौथी स्टेज?

प्रश्न : माझी ताई ६८ वर्षांची आहे. गळ्यावरची गाठ महिनाभरात दुप्पट झाली, आवाज बसला. बायोप्सीत ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ आलं आणि स्कॅननंतर ‘स्टेज चार बी’ सांगितली. माझ्या मावसभावाला चाळिशीत थायरॉइडचाच कॅन्सर झाला होता, मानेतल्या गाठींतही पसरलेला. तरी त्याची स्टेज पहिली होती. आज तो ठणठणीत आहे. मग ताईची थेट चौथी कशी? आम्ही दाखवायला उशीर केला का? आणि तिच्या हातात किती दिवस आहेत?

उत्तर : उशिराचं आधी मनातून काढून टाका. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकारात पहिली, दुसरी, तिसरी स्टेज नसतेच. गाठ कितीही लहान सापडली तरी स्टेज चौथीच लिहितात, कारण हा आजार फार झपाट्याने वाढतो. मावसभावाचा प्रकार बहुधा पॅपिलरी, म्हणजे सावकाश वाढणारा, असणार. त्यात वय ५५च्या आत असेल आणि फुप्फुस, हाडं वगैरे दूरच्या अवयवांत पसरलेला नसेल, तर मानेतल्या गाठींसकट स्टेज पहिलीच धरतात. या दोन आजारांची तुलना करू नका.

तुम्ही बघायचं ते चारच्या पुढचं अक्षर. ‘ए’ म्हणजे आजार थायरॉइडपुरता. ‘बी’ म्हणजे तो मानेतल्या गाठींत किंवा आसपासच्या स्नायूंत, श्वासनलिकेत शिरलाय, पण दूर गेलेला नाही. ‘सी’ म्हणजे दूर पोचलाय. ताई अजून ‘सी’मध्ये नाहीत, आणि उपचार ठरवताना या गोष्टीला खूप वजन आहे.

दिवसांबद्दल विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगते. जुन्या आकडेवारीनुसार निम्मे रुग्ण साधारण पाच महिन्यांत गेले. वर्षभरानंतर पाचांतला एक हयात होता. हे वाचताना तुमच्या पोटात खड्डा पडेल, मला कल्पना आहे. पण हे आकडे बरेचसे नव्या गोळ्या यायच्या आधीचे आहेत.

म्हणून उद्याच डॉक्टरांना विचारा : बायोप्सीच्या तुकड्यावर बीआरएएफ या जनुकाची तपासणी पाठवली का? या आजारात जवळपास ४० टक्के रुग्णांत या जनुकात ‘व्ही ६०० ई’ नावाचा बदल सापडतो. तो असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्या एकत्र देतात. ३६ रुग्णांच्या एका चाचणीत या जोडीवर निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण वर्षानंतरही हयात होते. काहींची गाठ इतकी आक्रसते की आधी अशक्य वाटलेलं ऑपरेशन करता येतं. बदल नसला तरी रेडिएशन, केमो, इम्युनोथेरपी यांचा विचार होतो. मावसभावाला दिलं असेल ते रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) मात्र इथे चालत नाही. या पेशी आयोडीन घेतच नाहीत.

वेदनाशमन करणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमला आत्तापासूनच सोबत घ्या. उपचार थांबल्यावर बोलवायची ती माणसं नव्हेत. श्वासाचा रस्ता बंद होऊ लागला तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, हे ताई शांतपणे बोलू शकतात तोवर त्यांनाच विचारून ठेवा. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्यांना हॉस्पिटलात न्या.