कृपेने तारण, मग आईचे डबे कशासाठी?

प्रश्न : पाळकसाहेब, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळतं, तर माझी आई परळला रुग्णांना डबे नेते ते वाया का? – एक वाचक, भायखळा

उत्तर : ताई, मुळीच नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८-१०) प्रेषित पौल आधी म्हणतो, तारण हे देवाचं दान, कर्मांनी मिळवलेलं नव्हे. आणि लगेच म्हणतो, आपल्याला निर्माण केलं ते सत्कृत्यांसाठी. लोक नवव्या वचनावरच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. १९९९ साली लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनीही जर्मनीत ऑग्सबर्गला याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : देवाकडून स्वीकार कृपेने, सत्कृत्यं त्याचं फळ.

तुमच्या आईंसोबत मी एकदा आलो होतो. भात मऊ झालाय ना, हे त्या प्रत्येक डब्यात चमच्याने दाबून बघत होत्या. तारण कमवायला निघालेलं माणूस एवढं बघेल? शनिवारी मीही येतो, त्यांना सांगून ठेवा.