हप्ते भरताय, पण मुद्दल किती उतरली?

महिनाभरात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा आहे: 'पगार एकट्याचा, हप्ते चालू आहेत, पण आता मन उडालंय.' मी बावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. आता कर्जात अडकलेल्या घरांना हिशेब मांडून देते. मन खचलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते: आज तुमची मुद्दल किती शिल्लक आहे? दहातल्या नऊ जणांना हप्ता तोंडपाठ असतो आणि मुद्दल सांगता येत नाही. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

स्वतःचा सिबिल स्कोअर सारखा तपासला तर तो घटतो असं ऑफिसात सगळे म्हणतात. खरं का? (वाचक, ठाणे)

नाही. स्वतः तपासल्याने स्कोअर घटत नाही. पतमाहिती, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद, ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या देशात आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

माझ्यावर तीन देणी आहेत: क्रेडिट कार्ड, मोबाइलचे हप्ते आणि मेहुण्याचे हातउसने ४० हजार. आधी काय फेडू? (वाचक, सोलापूर)

हिशेबाने बघितलं तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी, म्हणजे कार्ड. पण मोबाइलचे दोन-तीनच हप्ते उरले असतील तर ते आधी संपवा. एक देणं कायमचं मिटलं की घरात जी उभारी येते, तिचा उपयोग पुढे वर्षभर होतो. मेहुण्यांना व्याज द्यावं लागत नाही म्हणून त्यांना शेवटी ढकलू नका. दरमहा हजार का होईना, ठरलेल्या तारखेला द्या आणि किती राहिले तेही सांगा. नाती बिघडतात ती पैसे उशिरा मिळाल्याने कमी आणि काहीच न बोलल्याने जास्त.

क्रेडिट कार्डवर ८० हजार थकले आहेत. मी दर महिन्याला 'किमान देय रक्कम' न चुकता भरते. आणखी किती दिवस लागतील? (वाचक, कोल्हापूर)

दिवस मोजू नका, वर्षं मोजावी लागतील. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ८० हजारांवर २,८०० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४. किमान देय पाच टक्के, म्हणजे ४,००० धरू. ३,३०४ व्याजकरात गेले, मुद्दल उतरली फक्त ६९६ रुपयांनी. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डवर किराणा घेतलात तर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्ड आजपासून वापरायचं नाही. बँकेत जाऊन थकबाकी ठरावीक हप्त्यांत फिरवून मागा आणि दर, शुल्क, मुदत लेखी घ्या. तुमच्या कार्डचे नेमके आकडे स्टेटमेंटवर छापलेले असतात. ते घेऊन शाखेत बसा.

पगार ३८ हजार, कमावणारा मी एकटा. बहिणीच्या लग्नासाठी ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं: १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता ११,६३४. दीड वर्षात एकही हप्ता चुकवला नाही, तरी कर्ज तसंच्या तसं वाटतं. काम करावंसंही वाटत नाही. आता फोन येतोय की टॉप-अप घ्या, हप्ता तेवढाच राहील, वर लाखभर रुपये हातात येतील. घेऊ का? (वाचक, चिंचवड)

घेऊ नका. हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि दर वेळी 'हप्ता तेवढाच' हेच शब्द असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अठरा हप्त्यांत तुम्ही सुमारे २ लाख ९ हजार भरले. त्यातले जवळजवळ ९४ हजार व्याजात गेले आणि मुद्दल १ लाख १५ हजारांनी उतरली. आज ३ लाख ८५ हजारांच्या आसपास शिल्लक आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण पुढचा आकडा बघा. पहिल्या हप्त्यातले ५,८०१ रुपये मुद्दलीत गेले होते. एकोणिसाव्या हप्त्यातले ७,१४७ जातील. हप्ता तोच, पण मुद्दलीचा वाटा दर महिन्याला वाढतोय. चढ तुम्ही चढून आला आहात. आता कुठे त्याचं फळ दिसायला लागणार, आणि नेमका याच वेळी फोन येतो. तो योगायोगाने येत नाही. अठरा महिने वेळेवर भरणारा माणूस बँकेला हवाच असतो.

टॉप-अप म्हणजे काय होतं? जुनं ३ लाख ८५ हजारांचं कर्ज मिटवून पुन्हा ५ लाखांचं नवं कर्ज उभं राहतं. दर आणि मुदत तीच म्हणून हप्ताही तोच. हातात १ लाख १५ हजार येतात. त्यातून दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला तर ११,८०० वजा, आणि कर्ज मुदतीआधी मिटवण्याचं शुल्क असेल तर तेही. तुमचे ४२ हप्ते राहिले होते, ते पुन्हा ६० झाले. म्हणजे लाखभर रुपयांसाठी आणखी अठरा हप्ते, २ लाख ९ हजार. आणि मुद्दलीत जाणारा वाटा परत ५,८०१ वर. दीड वर्षाची ओढाताण, बायकोने मागे टाकलेली साडी, मुलांची रद्द केलेली सहल, सगळं पुसलं गेलं. ज्या घरांनी दोनदा-तीनदा टॉप-अप घेतलं त्यांच्यातली माणसं माझ्यासमोर बसून म्हणतात, 'मॅडम, सात वर्षं भरतोय.' त्यांचं मन उडणार नाही तर काय होईल? ते आळशी नाहीत, उधळे तर मुळीच नाहीत. त्यांना प्रत्येक वेळी पायथ्याशी आणून सोडलं गेलं, एवढंच.

आता तुम्ही काय करायचं ते. शाखेतून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागा, त्यात प्रत्येक हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल वेगळं दिलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच दर महिन्याला हप्त्याच्या तारखेखाली उरलेली मुद्दल लिहा. पत्नीच्या हाताने लिहिली तर आणखी चांगलं, कारण घर त्याच चालवतात आणि काटकसरीचा भार त्यांच्यावरच जास्त पडतो. हप्ता लिहू नका, तो बदलत नाही. मुद्दल लिहा.

दरमहा २,००० रुपये जादा मुद्दलीत घालता आले तर ४२ ऐवजी ३५ महिन्यांत सुटाल आणि व्याजाचे १९ हजारांच्या आसपास वाचतील. पण वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, त्यात जादा भरण्यावर शुल्क किंवा बंधन असू शकतं. करारपत्र घेऊन शाखेत विचारा आणि 'मुदत कमी करा, हप्ता कमी नको' असं अर्जात स्वच्छ लिहा. पण आधी महिनाभराचा घरखर्च बचत खात्यात बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच दुखण्याला पुन्हा तोच फोन गोड वाटेल.

एक कंपनी म्हणते, हप्ते थांबवा, आम्ही अर्ध्यात सेटलमेंट करून देतो. फी आधी भरायची आहे. (वाचक, नागपूर)

भरू नका. हप्ते थांबवले की ९० दिवसांनी बँक खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकलेलं कर्ज, धरते, दंड चढतो, वसुलीचे फोन सुरू होतात आणि तोवर यांची फी खिशात गेलेली असते. तडजोड झालीच तरी पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, 'बंद' असा नाही. पुढे घरकर्जाला हाच शेरा आडवा येतो. खरोखरच भरणं अशक्य असेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी स्वतः बँकेत जा, पगाराची चिठ्ठी दाखवा, मुदत वाढवून मागा. बँकेशी बोलायला मध्यस्थ लागत नाही. लोक तीन हप्ते चुकल्यावर येतात, तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. आजच जा.

नोकरी सुटल्याने दोन हप्ते चुकले. वसुलीवाले रात्री दहाला फोन करतात, माझ्या बहिणीलाही केला. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. फोनच्या वेळा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. ॲपवरचं कर्ज असेल आणि फोटो पसरवण्याची धमकी येत असेल तर थांबू नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा आणि पोलिसांत जा. मात्र यातल्या कशानेही कर्ज माफ होत नाही. बँकेशी परतफेडीचं बोलणं चालू ठेवा.

नवऱ्यावर किती कर्ज आहे ते परवा कळलं. ते म्हणतात दागिने विकून टाक, सगळं मिटेल. मी गृहिणी आहे. काय करू? (वाचक, नाशिक)

ताई, आधी यादी, मग दागिने. 'सगळं' म्हणजे किती, ते कागदावर येऊ द्या. त्यांचा पत अहवाल त्यांनाच काढायला सांगा आणि शेजारी बसून वाचा. पतसंस्थेच्या कर्जाची, मित्राच्या उसनवारीची आणि सावकाराच्या पैशांची नोंद त्यात नसू शकते, म्हणून ते तोंडाने विचारा. सावकार असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

यादीत महिना साडेतीन टक्क्यांचं कार्ड असेल तर एखादा दागिना मोडून ते मिटवणं आणि कार्ड बंद करणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण दागिने तुमचे आहेत, तुमचं स्त्रीधन आहे. निर्णय तुमचा, आणि तो रागात किंवा रडवेल्या रात्री घेऊ नका. यादी न बघता दागिने दिलेल्या बायका मला वर्षभराने पुन्हा भेटल्या आहेत. कर्ज परत उभं होतं आणि या वेळी कपाट रिकामं होतं. नव्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

घरात कमावणारा मी एकटाच. कर्ज लवकर फिटावं म्हणून मुदत विमा आणि आरोग्य विमा वर्षभर थांबवू का? (वाचक, सांगली)

अजिबात नाही. कमावणारे तुम्ही एकटे आहात.

दोन वर्षं कर्ज फेडतोय म्हणून गणपतीला गावी गेलो नाही. यंदा आई फार म्हणतेय. जावं का? (वाचक, डोंबिवली)

जा. एसटीचं आरक्षण वेळेत करा, खर्चाची रक्कम आतापासून दरमहा बाजूला ठेवा आणि तेवढ्यातच बसवा. उसने काढू नका, कार्ड घरी ठेवा. आणि आईला सांगा, किती फिटलं आणि किती राहिलं ते.