चर्चच्या महिला मंडळात आरोग्य तपासणी सुरू करताना

ताई, रविवारी उपासनेनंतर बायकांना स्वयंपाकाची घाई असते; तपासणी महिला मंडळाच्या प्रार्थनेच्या दिवशी ठेवा. गावच्या आशा सेविकेला (आरोग्य कार्यकर्तीला) आधी कळवा. सुरुवातीला रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एवढंच पुरे. आल्या आल्या रक्तदाबाचा पट्टा बांधला की आकडा चढतो; पाठ टेकवून पाच मिनिटं बसवा, हात छातीच्या पातळीला, गप्पा बंद. हिमोग्लोबिन 12 च्या खाली (गरोदरपणी 11) असेल तर आरोग्य केंद्रात पाठवा. लोहाची गोळी चहाबरोबर अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर लागते.

खरी गडबड होते प्रार्थना विनंतीत. घरच्या मारहाणीचं कुणी कानात सांगितलं, तर नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना नको, संध्याकाळपर्यंत गावभर होतं. तिला महिला हेल्पलाइनचा 181 क्रमांक द्या. झोप उडालेली, रडू आवरत नसेल तर प्रार्थना कराच, पण टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 वर फोनही लावून द्या. ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणालात, तर ती परत फिरकणार नाही.