वाचकांचे प्रश्न : मुलाखतीला जाताना घर लपवावे लागते का?

या महिन्यात आलेली तीन पत्रे एकाच दुखण्याभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी संगणकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. कॉलेजच्या ‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करतो आणि त्यातून माझा मेसचा खर्च भागतो. यंदा चार कंपन्यांच्या कॅम्पस ड्राइव्हला, म्हणजे कॉलेजमार्फत होणाऱ्या भरतीला बसलो. दोन ठिकाणी ॲप्टिट्यूड चाचणीतच बाहेर पडलो, तिसरीकडे जीडीत, म्हणजे गटचर्चेत, तोंडच उघडले नाही आणि चौथीकडे ‘स्वतःबद्दल सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला इंटरनेटवरून पाठ केलेले उत्तर देताना मध्येच अडकलो. रेझ्युमेत वडिलांचा व्यवसाय ‘बिझनेस’ असा लिहिला आहे आणि कमवा व शिकाचा उल्लेख केलेला नाही, कारण शहरातल्या मुलांच्या रेझ्युमेत इंटर्नशिप असते आणि माझ्याकडे पुस्तके लावण्याचे काम आहे. वर्गाच्या ग्रुपवर रोज कुणाचे तरी अभिनंदन चालू असते. मी जसा आहे तसा कुणाला नको आहे आणि जसा असल्याचे दाखवतो तसे वागणे मला जमत नाही, असे वाटू लागले आहे. — एक विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्हाला चार नकार मिळाले आणि ते चारही तुम्ही स्वतःच्या नावावर एकत्र जमा केले आहेत. आधी ते वेगळे करू. ॲप्टिट्यूडमध्ये बाहेर पडणे याचा अर्थ गुणोत्तर, काळ-काम-वेग, बैठकव्यवस्था अशा प्रकारची गणिते ठरावीक वेळात सोडवण्याचा सराव कमी पडला, एवढाच आहे. तिथे तुमचे नाव, गाव, माध्यम कुणी पाहिलेलेसुद्धा नाही. रोज तासभर घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, तर काही आठवड्यांत फरक पडतो. जीडीत गप्प राहणे हा सवयीचा प्रश्न आहे आणि त्याकडे पुढे येतो. तुमच्या ओळखीशी खरोखर संबंध आहे तो फक्त चौथ्या नकाराचा.

त्याआधी बाजाराविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवपदवीधरांची भरती ही कंपन्यांकडे येणाऱ्या कामावर अवलंबून असते, मुलांच्या योग्यतेवर नव्हे. 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही मोठ्या आयटी कंपन्यांची कर्मचारीसंख्या आधीच्या वर्षापेक्षा घटली होती. त्या वर्षी ज्या मुलांची कॅम्पसवर निवड झाली नाही, ती दोन वर्षे आधी पदवीधर झालेल्या मुलांपेक्षा कमी हुशार होती असे कुणीही म्हणणार नाही. शिवाय दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्के हवेत, बॅकलॉग (राहिलेला विषय) नको, अशा अटींची चाळणी लावूनच बरेचसे अर्ज बाजूला पडतात. हे सांगतो ते तुमचे समाधान करण्यासाठी नाही. ज्या गोष्टी तुमच्या हातात आहेत त्यांवर तुमची शक्ती लागावी आणि ज्या नाहीत त्यांचा दोष तुम्ही स्वतःला देऊ नये, यासाठी सांगतो.

आता ‘स्वतःबद्दल सांगा’. तुमचे पाठ केलेले उत्तर मी वाचले आहे. तुम्ही ते पत्रासोबत पाठवलेत हे बरे केलेत. ते असे : ‘मी कष्टाळू आहे, नवीन गोष्टी लवकर शिकतो, संघभावनेने काम करतो, वाचन आणि क्रिकेट हे माझे छंद आहेत.’ मुलाखत घेणारी व्यक्ती दिवसभरात हेच उत्तर इतक्या वेळा ऐकते की तिसऱ्या वाक्याला तिचे लक्ष तुमच्या गुणपत्रिकेकडे गेलेले असते. तुम्ही अडकलात याचे कारण तुमचे इंग्रजी कच्चे आहे हे नाही. त्या उत्तरात तुमचे स्वतःचे काही नव्हते आणि जे आपले नसते ते घाईच्या क्षणी आठवत नाही.

तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर मात्र एक मजकूर आहे, जो तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. परीक्षेच्या आधी काही ठरावीक पुस्तकांसाठी मुलांची रांग लागते आणि त्यांच्या प्रती नेमक्या बाइंडिंगला गेलेल्या असतात, हे तुमच्या लक्षात आले. मग तुम्ही देवघेवीच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून कोणते पुस्तक कोणत्या महिन्यात जास्त मागितले जाते याची यादी केलीत आणि ग्रंथपालांनी त्यानुसार बाइंडिंगचे वेळापत्रक बदलले. माहिती गोळा करणे, तिच्यात क्रम शोधणे आणि त्यावरून एखादा निर्णय बदलणे, हेच काम तुम्ही ज्या पदासाठी अर्ज करत आहात तिथे करावयाचे आहे. हे रेझ्युमेत नाही आणि क्रिकेट आहे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

तेव्हा उत्तराची सुरुवात इथून करा. मी अमुक कॉलेजात शिकतो, शिकता शिकता ग्रंथालयात काम केले, तिथे ही अडचण दिसली, ती अशी सोडवली, त्यात हे शिकलो आणि म्हणून मला या प्रकारच्या कामात रस आहे. सहा-सात वाक्ये पुरेत. ती आधी मराठीत लिहा, मोठ्याने म्हणा, मग सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. व्याकरणाची एखादी चूक झाली तरी वाक्य पूर्ण करायचे, मध्ये थांबून माफी मागायची नाही. जीडीसाठीही हाच सराव कामाला येतो. तिथे सर्वांत जास्त बोलावे लागत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत एक नेमका मुद्दा मांडला आणि नंतर दुसऱ्या कुणाच्या मुद्द्यात भर घातली तरी तुमची दखल घेतली जाते.

कमवा व शिका लपवण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सातारा जिल्ह्यातले आहात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, ते श्रम करून शिकण्याच्या तत्त्वावर. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तुमच्या परिसरातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहे. ज्या मातीत ही कल्पना रुजली तिथल्याच मुलाला आज ते काम रेझ्युमेतून वगळावेसे वाटते, याला तुम्ही जबाबदार नाही. इंटर्नशिपला अनुभव म्हणणारी आणि अंगमेहनतीला गरज म्हणणारी आपल्याकडची नजर जबाबदार आहे. तुम्ही तरी ती नजर स्वतःवर लावू नका. ‘अनुभव’ या शीर्षकाखाली ग्रंथालय सहायक, कमवा व शिका योजना, असे स्वच्छ लिहा आणि ग्रंथपालांचे प्रमाणपत्र घ्या.

वडिलांचा व्यवसाय रेझ्युमेत लिहिण्याची गरजच नसते, तो रकाना काढून टाका. मुलाखतीत कुणी विचारलेच, तर भाजीचा व्यवसाय आहे असे सरळ सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. उच्चारांवरून आणि घरावरून माणूस जोखणारे लोक निवड समित्यांवर असतात, हे मी नाकारणार नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. पण अशा माणसापुढे खोटे सांगूनही निभावत नाही, कारण त्याचा पुढचा प्रश्न त्या खोट्याबद्दलच असतो.

कॅम्पस संपले म्हणजे वाटा संपल्या असेही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते आणि तिची ऑनलाइन नोंदणी विनामूल्य आहे. निकाल लागताच तिथे नाव घाला. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कुणालाही एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : माझे वय 25 आहे. बी.कॉम. झाल्यावर राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आले. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते, रात्री दहाला खोलीवर येते. एकदा पूर्वपरीक्षा पास झाले, पण मुख्य परीक्षेत राहिले. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची झाली आहे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखे वाटते. घरी स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे. कुणी ‘काय करतेस’ विचारले की ‘एमपीएससी करते’ असे सांगते. परीक्षा सोडली तर त्या जागी काय सांगायचे, हे मला माहीत नाही आणि खरे म्हणजे याच भीतीने मी ती सोडत नाही. — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : शेवटचे वाक्य लिहायला धैर्य लागते. त्यावरूनच पुढे जाऊ.

राज्यसेवेच्या वयोमर्यादेत खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, आरक्षित प्रवर्गांना त्याहूनही पुढे. ही सवलत अनेकांना उपयोगी पडली आहे, परंतु तिचा दुसरा परिणाम असा की ‘आता पुरे’ हे परीक्षा स्वतःहून कधी सांगत नाही. ते उमेदवारालाच ठरवावे लागते, आणि अभ्यासिकेत शेजारी बसलेला प्रत्येक जण अजून एक वर्ष देणार असतो, त्यामुळे ठरवणे अधिकच अवघड होते. बाहेरची काही दारे मात्र लवकर बंद होतात. उदाहरणार्थ, राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी वयाची अट 26 वर्षांपर्यंतची आहे आणि वर्षभराच्या कामाचा अनुभवही लागतो.

नव्या पद्धतीची धास्ती समजण्यासारखी आहे. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात याच मुद्द्यावर विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि अंमलबजावणी 2025 पर्यंत पुढे गेली. आता मुख्य परीक्षेत नऊ पेपर आहेत. त्यांतले भाषेचे दोन पात्रतेपुरते असून उरलेल्या सात पेपरांचे मिळून 1750 गुण आहेत, त्यांत निबंध आहे आणि वैकल्पिक विषयही आहे. तेव्हा प्रश्न ‘सोडू की धरू’ असा न विचारता, तुम्हाला लिहिणे आवडते का, असा विचारून पाहा. पुढचे तीन महिने रोज एक उत्तर हाताने लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. लिहिताना विषयात गोडी वाटली, तपासणीनंतर उत्तरे सुधारताना दिसली, तर तारीख ठरवून अजून एक प्रयत्न करा आणि ती तारीख घरीही सांगा; स्थळांच्या विषयालाही त्यामुळे एक मुदत मिळेल. वही उघडण्याचाच कंटाळा येत असेल, तर तुमच्या मनाने उत्तर दिलेले आहे.

दरम्यान आठवड्यातले काही तास पगारी काम करा, हा माझा आग्रह आहे. बी.कॉम.ची पदवी आहे. एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात जीएसटीच्या विवरणपत्रांचे काम, किंवा अकरावी-बारावीला बुककीपिंगची शिकवणी. पैसे महत्त्वाचे आहेतच. पण मोठा लाभ हा की, अभ्यासिकेबाहेर तुम्हाला एखाद्या कामासाठी ओळखणारी चार माणसे तयार होतात. तयारीची वर्षे खासगी नोकरीत अनुभव म्हणून आपोआप धरली जात नाहीत, हे कटू असले तरी आधी माहीत असावे. या कामाने ती पोकळी भरते. आणि ‘काय करतेस’ याचे उत्तर देताना परीक्षेच्या जोडीला आणखी एक वाक्य असेल, जे निकालाच्या दिवशी खोटे पडणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा इंजिनिअर होऊन वर्ष झाले. नोकरी नाही. पुण्यात मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. दिवाळीला आला नाही, फोन केला तर ‘बिझी आहे’ म्हणतो. शेजारचा मुलगा पहिल्याच वर्षी लागला, हे मी एकदा बोललो होतो, त्याचा राग धरला असावा. आम्ही काय चुकलो? — एक वडील, लातूर

उत्तर : आपल्या मुलाने राग धरला असेल असे मला वाटत नाही, त्याला लाज वाटत असावी. दिवाळीत चार पाहुणे येणार, प्रत्येक जण पॅकेज विचारणार, आणि आपल्यामुळे वडिलांची मान खाली जाणार, हे टाळण्याचा त्याला सापडलेला मार्ग म्हणजे न येणे.

आपण त्याला घरी बोलावू नका. आपणच पुण्याला जा. एक दिवस मुक्काम करा, तो जिथे जेवतो तिथे त्याच्याबरोबर जेवा आणि नोकरीचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नका. शेजारच्या मुलाबद्दल बोललेले आपल्याला खटकते आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. आपल्या पिढीतल्या वडिलांना हे जड जाते, पण त्याने त्याचे निम्मे ओझे उतरेल. घरून किती महिने खर्चाला पैसे देता येतील याचा आकडाही मोकळेपणाने सांगा. आकडा लहान असला तरी चालेल. अंदाज बांधत राहण्यापेक्षा तो मुलांना सोसतो.

तिथे गेल्यावर त्याची झोप, जेवण आणि बोलणे यांकडे लक्ष द्या. दिवसदिवस अंथरुणातून उठत नसेल, जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही अशा प्रकारचे काही बोलला, तर ते निराशेत बोलून गेला म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. फोन त्यानेच करावा असे नाही, आपणही करू शकता आणि पुढे काय करावे ते विचारू शकता. पुण्याला या आठवड्यातच जाऊन यावे, असे मी सुचवीन.