नवस तिचा, बाटली त्याची

साताऱ्यात समुपदेशन करताना दारू पिणाऱ्याच्या घरची बाई समोर बसली, की एक प्रश्न हटकून येतो: "मॅडम, तुम्ही देव मानत नाही म्हणे. मग आमचं देवाचं सोडायला लावणार का?" डॉ. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि व्यसनमुक्तीचं कामही इथंच उभं केलं. त्यामुळे दारू सोडवणारे ते देव सोडवणारे, असं गणित बऱ्याच डोक्यांत बसलंय. माझं उत्तर 'नाही' असंच असतं. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून ही एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

कोरेगाव तालुक्यातली बाई, वय पस्तिशीचं. आल्याचं थोडं रान, नवरा साखर कारखान्यात कामाला. तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. त्यात नवस लिहिलेले: मांढरदेवला पाच अमावास्या, शिखर शिंगणापूर अनवाणी, गुरुवार निरंकार, रोज पोथीचा अध्याय. प्रत्येकापुढं बरोबरची खूण. "आमच्याकडनं काय ऱ्हायलंय ते सांगा. मालक तसं लई गरीब हैत, पण दिवस मावळला की पाय तिकडंच वळत्यात."

एवढी चिकाटी मला कौतुकाची वाटली. पण वहीतलं सगळं तिनंच केलेलं. उपास तिचा, भाजलेले तळवे तिचे. ज्याची दारू सुटायची, त्यानं या वहीतलं काहीच केलं नव्हतं.

मी वही उलटी करून तिला मागच्या पानावर कालचा दिवस लिहायला लावला. लाजत लाजत लिहिलं तिनं. सकाळी सुपरवायझरला फोन, 'त्यांना ताप हाय.' दुपारी भिशीच्या पैशातून दारूच्या दुकानाची उधारी. संध्याकाळी पोरांना 'पप्पांना बरं न्हाई.' रात्री ओकारी धुतली, ताट झाकून ठेवलं, मग पोथी.

"यातलं काय बंद झालं तर त्यांची अडचण होईल?"

बराच वेळ पानाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पोथी सोडून समदंच की."

मी नास्तिक आहे. प्रार्थना पलीकडं कुणी ऐकतंय असं मला वाटत नाही. ती ऐकतो तो फक्त म्हणणारा. त्याला तिनं धीर येत असेल, रात्री झोप लागत असेल, तर माझी काही हरकत नाही. पण अध्याय वाचून झाला की 'आजचं माझं करून झालं' असं वाटतं ना, ते मला घातक वाटतं. या घरात त्याच समाधानावर वर्षं निघाली. देवाला साकडं रोज घातलं जात होतं आणि उधारीही रोज भागत होती.

तिच्याकडं पुढचा बेतही तयार होता. एकादशीला त्याच्या गळ्यात माळ घालायची आणि त्याच दिवसापासून थेंब बंद. माळेनं दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत. माळकऱ्याला गावात कुणी 'बस जरा' म्हणत नाही, संध्याकाळी भजनाला बोलावणं येतं, आणि मुख्य म्हणजे त्यानं स्वतः ठरवलेलं असतं. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याचे हात थरथरतात, त्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कापरं आणि घाम सुटतो, फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत. उपचार नसतील तर यात जीव जाऊ शकतो.

मागं कधी बंद केली होती का, विचारलं. नवरात्रात केली होती. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं. देवरुष्याकडं नेलं, अंगारा लावला. परतताना तो प्यायला, कापरं थांबलं, आणि श्रेय गेलं अंगाऱ्याला!

तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञ, औषधांखाली दारू बंद, बी-१ जीवनसत्त्व, आणि मग हवी तर माळ. (चहात गुपचूप टाकायच्या पुड्या मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर दारू गेली तर जिवावर बेततं.) आणि फोन, उधारी दोन्ही बंद. तो हात उचलतो का, हे मी आधी खोदून विचारलं होतं. उचलत असता तर आधी तिच्या सुरक्षेचं बघितलं असतं.

खाडे पडले, कारखान्याची नोटीस घरी आली. मग स्वारी स्वतः माझ्याकडं हजर. "बायकोला काय शिकवलंय तुम्ही?" तावातावानं का होईना, स्वतःच्या पायानं आला होता. चार दिवसांनी दवाखान्यात भरती झाला. नंतर मी त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जायला सांगितलं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ 'आपापल्या समजुतीचा देव' मानते, सभेत प्रार्थनाही होते. तरी मी माणसं तिकडं पाठवते, कारण तिथं माणूस उभा राहून स्वतःच्या दारूबद्दल स्वतः बोलतो.

गावच्या यात्रेत एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला खरं काय ते त्यानंच सांगितलं.

तिचं हिमोग्लोबिन फार कमी निघालं. "मग गुरुवार सोडू का?" तिनं विचारलं. म्हटलं, सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण डॉक्टरांनी सांगितलंय दोन वेळा पोटात गेलं पाहिजे. निरंकार मोडला तिनं. आता गुरुवारी शेंगदाण्याचा लाडू चालतो म्हणे.